‘फोफावलंय’ म्हणजे काय

‘फोफावणे’ हा शब्द मी नोकरीत एकदाच वापरला. तो कुठे वापरायचा हे मला कळलं नाही, आणि त्याची किंमत एका माणसाने मोजली. संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की मला हेच आठवतं, तेव्हा हेच लिहिते.

मी सोलापुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. आमची प्रयोगशाळा रक्त-लघवीची नव्हे. आमच्याकडे शरीरातून काढलेला तुकडा येतो. गालातला, स्तनातला, गर्भपिशवीतला, कधी हरभऱ्याएवढा, कधी वाटीएवढा. डॉक्टरांना शंका आली की ते तुकडा काढून औषधाच्या बाटलीत घालून आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्यातलं पाणी काढतो, तो मेणात बसवतो, आणि मेणाची ती वडी यंत्रावर लावून तिचे काप काढतो. काप इतके पातळ की केसाच्या जाडीत पंधरा-वीस सहज बसतील. ते एकाला एक चिकटून रिबिनीसारखे बाहेर येतात. रिबीन कोमट पाण्यावर अलगद सोडायची, काचेवर उचलायची, निळ्या-गुलाबी रंगात बुडवायची. मग डॉक्टर ती काच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि अहवाल लिहितात. श्वास जोरात सोडला तरी रिबीन उडते. माझे वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. ते म्हणायचे, पोरगी आपल्यापेक्षा बारीक कापड काढते. मला त्याचा अजूनही अभिमान आहे.

या सगळ्याला चार-पाच दिवस लागतात. लोकांना ते पटत नाही. एक्स-रे तासात मिळतो, मग याला आठवडा का? ते खिडकीशी येतात, पावती पुढे करतात, ‘आला का’ विचारतात. ‘नाही’ म्हटलं की चेहऱ्यावर काळजीही दिसते आणि सुटकाही. अहवाल आला की तो इंग्रजीत असतो. मग कागद परत खिडकीतून आत येतो आणि प्रश्न येतो, काय लिहिलंय?

त्या प्रश्नाचं उत्तर तंत्रज्ञाने द्यायचं नसतं. अर्थ सांगायचा तो डॉक्टरांनी. पण डॉक्टरांची ओपीडी ठरलेल्या दिवशी, आणि लोक येणार ते त्यांच्या सवडीने. मधे खिडकी, आणि खिडकीत मी.

तातोबा आले तो शुक्रवार होता. सांगोल्याच्या पलीकडल्या एका वस्तीवरचे, साठीच्या आसपासचे, मेंढरं राखणारे. खांद्यावर घोंगडी, गालावर आतून बोट दाबल्यासारखी सूज. तंबाखूची गोळी जिथे धरायचे तिथेच गालाला आतून फोड झाला होता, तो बरा होईना म्हणून तुकडा काढला होता. अहवाल माझ्या समोरच टाइप झाला होता. कर्करोग. पेशी भराभर वाढताहेत, असं त्यात दोनदा लिहिलं होतं.

“बाई, काय निगालं?” त्यांनी विचारलं.

“सोमवारी या. डॉक्टर सांगतील.”

“सोमवारी कसा यिऊ? मेंढरं कुणाच्या जिवावर सोडू? आज एका पावण्याला बशिवलंय, त्यो संध्याकाळी जानार. तुमीच सांगा की. तुमाला वाचता येतंय न्हवं?”

आमच्याकडे ‘तो’ शब्द कुणी उच्चारत नसे. डॉक्टरही ‘गाठ’ म्हणत, ‘वाईट आजार’ म्हणत, रुग्णाला बाहेर बसवून मुलाला सांगत. मीही तोच शब्द टाळून दुसरा शोधू लागले. मी मूळची पद्मशाली विणकरांतली, घरात तेलुगू, मराठी शाळेत शिकलेली. मला वाटलं, शेतीतला शब्द वापरावा, यांना समजेल. मी म्हणाले, “आतलं मांस फोफावलंय. उशीर करू नका. सोमवारी याच.”

त्यांचा चेहरा मोकळा झाला. “मंजी भरून यायला लागलंय की.”

तेवढ्यात फोन वाजला. शस्त्रक्रियेच्या खोलीतून तातडीचा तुकडा येत होता, टेबलावर रुग्ण उघडा होता; असा तुकडा गोठवून लगेच कापायचा असतो. मी फोनवर बोलत बोलत त्यांच्याकडे बघून हात हलवला. थांबा, असं मला म्हणायचं होतं. त्यांना तो निरोप वाटला असावा. त्यांनी कागद घडी करून बंडीच्या खिशात घातला आणि नमस्कार करून ते गेले.

मी त्यांच्या मागे गेले नाही. दहा मिनिटांनी बाहेर येऊन बघितलं तेव्हा बाकावर दुसरीच माणसं होती.

सोमवारी ते आले नाहीत. गुरुवारीही नाही. मी ओपीडीच्या नोंदवहीत दोनदा बघितलं. मग इतर बाटल्या आल्या, इतर माणसं आली.

चार महिन्यांनी ते आले ते बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. गालाला आरपार भोक पडलं होतं, त्यावर फडकं धरलं होतं. बोलता येत नव्हतं. बायको, केराबाई, माझ्या खिडकीशी आली. तिच्या हातात तोच कागद होता, हळद लागलेला. देवापाशी ठेवला होता म्हणाली.

“बाई, तुमीच सांगितलं न्हवं, मांस फोफावलंय मनून? आमी म्हनलं, जखम हाय, मांस धरतंय, मंजी बरं हुतंय. मग आमी हळदच भरत राह्यलो.”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, काय चुकलं ते.

आमचे अटेंडंट माने अकलूजकडचे, घरी ऊस. मी त्यांना विचारलं, फोफावलं म्हणजे तुमच्याकडे काय समजतात? ते म्हणाले, “चांगलंच की, मॅडम. ऊस फोफावला, बाग फोफावली. वाईट असंल तर आमी माजलं म्हनतो. गवत माजलं. आन लईच झालं तर बोकाळलं.”

म्हणजे तोच अर्थ, भराभर वाढणं. पण कशाची वाढ आपल्याला हवी आणि कशाची नको, हे मराठी माणूस शब्दातच ठरवून टाकतो. रोप तरारतं, वेल फोफावतो, तण माजतं, चोऱ्या बोकाळतात, क्लासेसचं पेव फुटतं. शाळेत मी हे सगळे समानार्थी म्हणून पाठ केले होते, गुणही मिळाले होते.

तातोबांचं ऑपरेशन झालं. अर्धा जबडा गेला. आधी आला असता तर गालाच्या कातडीवर भागलं असतं, असं शल्यचिकित्सक सहज बोलून गेले. त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी केराबाई एका दाखल्यासाठी एकटीच आली, तेव्हा तिचं कपाळ बघून मला कळलं.

आमच्या प्रमुख इनामदार मॅडमना मी सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “अहवालातल्या ‘प्रोलिफरेशन’ या इंग्रजी शब्दाला चांगलं-वाईट नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लेकरं होणं, वंश वाढणं, इतकाच आहे. पेशीला पेशी होतात. त्या कुणाच्या, किती, कशासाठी, हे पुढे लिहावं लागतं. ते पुढचं तू सांगितलं नाहीस.”

मग खिडकीशेजारी सूचना लागली: अहवालाचा अर्थ फक्त डॉक्टर सांगतील. ती माझ्याच अक्षरात होती. पुढची अकरा वर्षं मी ती पाळली. कुणी कितीही विनवलं तरी मी बोट करून सूचना दाखवत असे. माणसं मला कठोर म्हणायची. मला त्यात बरं वाटायचं. बोललं नाही तर चुकत नाही, असा माझा हिशेब होता.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना श्रावणी आली.

आता अहवाल कागदावर कमी आणि मोबाइलवर जास्त जातो. रुग्णाच्या नंबरवर आपोआप पोचतो, ओपीडीच्या आधी. सोय म्हणून केलं. पण आता माणूस तो अहवाल घरी एकटा बसून वाचतो, किंवा ज्याला इंग्रजी येतं असं वाटतं त्याच्याकडून वाचून घेतो.

सकाळचे साडेदहा झाले असतील. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, खांद्याला कॉलेजची पिशवी, डोळे सुजलेले. तिने मोबाइल खिडकीतून आत धरला आणि विचारलं, “मॅडम, यात किती दिवस राहतात ते लिहिलंय का?”

मी सवयीने सूचनेकडे बोट केलं. तिने ती वाचली आणि तशीच उभी राहिली. मागे रांग होती. मी म्हटलं, बाजूला हो. ती बाजूला झाली. पण मोबाइल तसाच धरलेला. त्यावरचा अहवाल मला दिसला. अनसूया, वय त्रेचाळीस, गर्भपिशवीचं अस्तर. नमुना क्रमांक तीनशे बारा. मी वाचला आणि माझा हात थांबला. अहवाल पूर्ण चांगला होता.

रांग संपवून मी तिला आत बोलावलं. ती कुंभारीची. वडील चार वर्षांपूर्वी वारलेले, आई विड्या वळते, ही फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. आईला अंगावरून फार जात होतं म्हणून तपासणी झाली. अहवाल मोबाइलवर आला तेव्हा आईने तो शेजारच्या झेरॉक्सवाल्या नारायणमामांना दाखवला. त्यांनी त्यातला एक मोठा शब्द मोबाइलच्या शब्दकोशात घातला. ‘प्रोलिफरेटिव्ह’. उत्तर आलं, झपाट्याने फोफावणारा. आणि खाली शेवटच्या ओळीत ‘मॅलिग्नन्सी’ होतं, म्हणजे कॅन्सरच. तो शब्द मामांना आधीपासून माहीत होता.

“त्यांनी सांगितलं, पिशवीत कॅन्सर झपाट्यानं फोफावतोय. तीन दिवस झाले, आईनं काही खाल्लं नाही. काल माझ्या सख्ख्या मामीच्या भावाशी माझं ठरवून टाकलं. तो भिवंडीला कारखान्यात आहे, एकतीस वर्षांचा. आज चारला साखरपुडा, आठ दिवसांत लग्न. त्याची रजा संपते म्हणून. आई म्हणते, माझ्या डोळ्यासमोर होऊ दे.”

“आणि कॉलेज?”

“सोडायचं म्हणाली.”

मी तिला घेऊन स्त्रीरोग विभागात गेले. मोठ्या डॉक्टर ऑपरेशनमध्ये होत्या. बाहेर एक शिकाऊ डॉक्टर होती, पन्नास बायका तिच्यासमोर. तिने मोबाइलवर नजर टाकली, “नॉर्मल आहे, उद्या पेशंटला घेऊन या,” म्हणाली आणि पुढचं नाव पुकारलं. श्रावणीने तिथूनच आईला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं, कारण ते तेलुगूत आणि मोठ्याने होतं: लग्न चुकवायला खोटं बोलतेस.

श्रावणीने फोन ठेवला आणि प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्हाला तेलुगू येतं का?”

मी हो म्हणाले. ते म्हणायला नको होतं असं लगेच वाटलं.

“मग तुम्ही चला ना, अक्का. तुम्ही दवाखान्यातल्या आहात, आपल्यातल्या आहात. तुमचं ऐकेल.”

इनामदार मॅडम हैदराबादला परिषदेला गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होत्या. मी दोनदा फोन लावला, बंद होता. सूचना माझ्या अक्षरात भिंतीवर होती. अकरा वर्षं. मी श्रावणीला म्हटलं, अर्धा तास थांब.

तो अर्धा तास मी काय केलं ते सांगते, कारण आमच्या धंद्यातली खरी भीती तिथेच आहे. त्या आठवड्यात गर्भपिशवीचे दोन नमुने लागोपाठ आले होते, तीनशे बारा आणि तीनशे तेरा. तीनशे तेराचा अहवाल वाईट होता. दोन्ही वड्या मीच बसवल्या होत्या, क्रमांक मीच पेन्सिलीने लिहिले होते. इतक्या वर्षांत माझ्या हातून नमुना कधी बदलला नाही. पण ‘कधी नाही’ हे त्या क्षणी काही कामाचं नव्हतं. आज मी त्या बाईला जाऊन सांगणार, तुला काही नाही. आणि आकडा इकडचा तिकडे झाला असेल तर?

मी नोंदवही काढली. बाटल्या आम्ही काही आठवडे ठेवतो. ती बाटली काढली, तिच्यावरचं नाव वाचलं. अर्ज काढला. अर्जावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, तुकडे बारीक, सात-आठ. वडीत मोजले, आठ. तीनशे तेराच्या वडीत मोठा एकच गोळा होता. मग काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. निदान करणं माझं काम नाही, पण इतक्या वर्षांनी डोळ्याला कळतं. गोल गोल नळ्या, ओळीत, शांत. सगळं जुळत होतं. तरी काच परत ठेवण्याआधी मी क्रमांक पुन्हा एकदा वाचला. आणि मनात आलं, तीनशे तेराची बाई कोण असेल, तिच्या घरी कुणी कोणता शब्द शब्दकोशात घातला असेल? ते मला आजही माहीत नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी श्रावणीबरोबर रिक्षात बसले. वाटेभर ती घड्याळ बघत होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. मराठीत जुळवली, तेलुगूत जुळवली. प्रत्येक वाक्यात कुठेतरी ‘वाढ’ येत होती आणि मी ते खोडत होते.

कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत एकसारख्या घरांच्या रांगा आहेत. घरासमोर मांडव नव्हता, घाईचं काम. पण उंबऱ्याला हळद लावलेली होती. आत दोन बायका शेवया मोडत होत्या. अनसूया दाराशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. साखरपुड्याच्या दिवशीही. बारीक, उभट चेहऱ्याची बाई. बोटं थांबली नाहीत. पुढचं सगळं बोलणं तेलुगूत झालं, इथे मराठीत लिहिते.

मी कोण ते श्रावणीने सांगितलं. अनसूयाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बसा. हिनं आणलंय का तुम्हाला?”

“मी माझी आले. अक्का, तुमचा अहवाल मी बघितलाय. त्यात कॅन्सर नाही.”

तो शब्द मी तोंडातून काढला तेव्हा शेवया मोडणाऱ्या बायकांचे हात थांबले. अनसूयाचे थांबले नाहीत.

“यांच्या वेळी,” ती म्हणाली, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, “डॉक्टरनं मला बाहेर बोलावून खरं सांगितलं. आणि आत जाऊन मी यांना सांगितलं, कावीळ आहे, बरी होईल. पाच महिने सांगितलं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. दवाखान्यातले कसं सांगतात आणि घरातले कसं सांगतात, मला दोन्ही माहीत आहे. तुम्ही उगाच त्रास घेतला.”

माझी जुळवलेली सगळी वाक्यं संपली. खरं सांगून उपयोग नव्हता, कारण खोटंही याच शब्दांत सांगतात. तीन वाजून गेले होते. श्रावणी दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती.

मग मी तिला तातोबांची हकिगत सांगितली. नाव सोडून सगळी. कसा तो शब्द टाळला, कसं फोफावलंय म्हणाले, फोन कसा वाजला, हळद लागलेला कागद. सोलापुरात हे मी इनामदार मॅडमखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही. “त्यानंतर मी अकरा वर्षं कुणाला काही सांगितलं नाही,” मी म्हणाले. “आज सांगायला आले. बरं वाटावं म्हणून सांगायला आले असते, तर मी आलेच नसते.”

अनसूयाने हातातली विडी दोरा न बांधता सुपात ठेवली.

“मग त्या शब्दाचा अर्थ वाढ नाही?”

“आहे. वाढच आहे. भराभर वाढ.”

“बघा,” ती शेवयावाल्या बायकांकडे वळून म्हणाली.

“पण कशाची ते ऐका. पिशवीला आतून अस्तर असतं. पाळी आली की ते जातं, आणि नंतर पंधरा दिवसांत नवं भराभर वाढतं. दर महिन्याला. तुमचं काढलं तेव्हा ते वाढत होतं, एवढंच त्यांनी लिहिलंय. उद्या या श्रावणीचं काढलं तरी हाच शब्द येईल. माझं वीस वर्षांपूर्वी काढलं असतं तरी हाच आला असता. आपण नाही का म्हणत, दुधाचं पेरुगु झालं, आणि पोरगीही पेरुगते म्हणतो? दही लागणं आणि लेकरू वाढणं, आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द. त्याला कोण घाबरतं?”

नारायणमामा मघापासून दाराबाहेर उभे होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, चांगला माणूस. गल्लीतले सगळे अर्ज तेच भरून देत. ते मराठीत म्हणाले, “पण मॅडम, शेवटी मॅलिग्नन्सी लिहिलंय की. ते तर मला कळतंय.”

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. “त्याच्या आधीचे तीन शब्द वाचा.”

त्यांनी चष्मा खाली घेतला. ‘नो एव्हिडन्स ऑफ’. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, मग मनातल्या मनात परत वाचलं. “हे मी बघितलंच न्हाई,” ते म्हणाले. “मी नुसता अवघड शब्द शोधत हुतो.” आणि ते तिथेच पायरीवर बसले.

अनसूयाला तेवढ्याने पटलं नाही, आणि मी तिला दोष देत नाही. ती म्हणाली, “उद्या डॉक्टरबाईंनी माझ्या तोंडावर सांगू दे. तोवर आजचं थांबवते.” तिने भावाला फोन केला; स्थळ त्याच्याच मेव्हण्याचं होतं. भाऊ चिडला. पाहुणे निघालेत, आज नाही तर परत नाही, असं म्हणाला. ती म्हणाली, “मग नाही.” फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. तिने मला सरळ विचारलं, “उद्या तुमचं चुकीचं निघालं तर पोरीचं स्थळही गेलं आणि मीही. कळतंय ना तुम्हाला?”

मला कळत होतं. घरी येऊन जेवण गेलं नाही. डोळ्यासमोर दोन बाटल्या येत राहिल्या, बारा आणि तेरा.

सकाळी आठला मी इनामदार मॅडमच्या टेबलावर दोन्ही काचा, दोन्ही वड्या, दोन्ही अर्ज मांडून ठेवले होते. त्या प्रवासातून थेट आल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी काच लावली. एक, मग दुसरी, मग परत पहिली. मी उभी होते. डोळा न काढता त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. बस आता.”

मेमोचं आधी सांगून टाकते. तो मला मिळाला, आठ दिवसांनी, नियम मोडल्याबद्दल. कुणीतरी प्रशासनाला कळवलं असणार. मी त्यावर सही करून दिली. नियम मी मोडला होताच. पण मॅडमनी त्या महिन्यापासून एक केलं. मोबाइलवर जाणाऱ्या अहवालाच्या खाली मराठीत एक ओळ येऊ लागली, त्यांनी आणि मी मिळून ठरवलेली. ‘काळजीचं कारण दिसत नाही, ठरल्या दिवशी डॉक्टरांना भेटा’, किंवा ‘उशीर न करता या आठवड्यातच भेटा’. एकेका ओळीवर आम्ही दुपारच्या डब्याच्या वेळात भांडलो आहोत. माने वाचून दाखवायला असायचे. त्यांना जे एकदा वाचून कळलं नाही, ते आम्ही खोडलं. ‘वाढ’ हा शब्द एकाही ओळीत नाही.

अनसूया त्या दिवशी अकराला आली, नऊवारी नेसून, केस विंचरून, श्रावणीचा हात धरून. आत स्त्रीरोगाच्या मोठ्या डॉक्टर आणि इनामदार मॅडम दोघी होत्या. मला आत बोलावलं नाही आणि मी गेले नाही. दाराबाहेरच्या बाकावर बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. सोनोग्राफीत पिशवीला एक साधी गाठ दिसली होती, रक्त तिच्यामुळेच जात होतं, गोळ्या चालू करायच्या, असं त्यांनी सांगितलं, ते मला नंतर कळलं.

ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. रडली नाही, हसली नाही. श्रावणी कॅन्टीनमधून चहा आणि इडली घेऊन आली. अनसूयाने इडली मोडली, एक घास खाल्ला, मग भरभर दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशी ती काही खात होती. बशी रिकामी झाल्यावर तिने ती बाजूला ठेवली. तिचं काहीतरी अडलं होतं. मला वाटलं, आता विचारेल, खरंच ना?

“अक्का,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “परवा माझ्या दोन इरकली साड्या मी वहिनीला देऊन टाकल्या. मला आता कशाला लागतात म्हणून. एक तर माझ्या लग्नातली आहे.” तिने पदराने तोंड पुसलं. “आता त्या परत कशा मागायच्या?”